छतावरचा कोप

सुलाबाईच्या दारात अख्खी वस्ती लोटली होती. ढोल घुमत होते आणि जोतीराम भगत डोळे गरगरा फिरवून ओरडत होता, "देवाला न इचारता घर हुबं केलंसा! म्हून देवानं उजेड गिळला! उकला ह्ये घर, न्हाईतर पोरगं हातचं जाईल!"

आत तिचा सहा वर्षांचा लेक धुळा धापा टाकत भिंतीला टेकला होता. त्याचं दम्याचं वाफेचं यंत्र विजेवर चालावं म्हणूनच कुंडलच्या उत्कर्षानं आणि तिच्या कॉलेजच्या पोरांनी कवठे महांकाळच्या या माळावर घर जोडलं होतं. भिंती नटबोल्टनं जोडायच्या, वर सोलर पॅनेल. मेंढरं घेऊन बिऱ्हाड हललं की घरही सुटं करून न्यायचं. महिनाभर सगळं झकास चाललं. वास्तुशांत झाली आणि चारच दिवसांत यंत्र बंद पडलं.

माणसं नटबोल्ट खोलायचे पाने घेऊन पुढं सरसावली, तसं उत्कर्षाचं डोकंच सणकलं. ती तरातरा शिडी चढली. दोन्ही पॅनेलवर तेलात कालवलेल्या भंडाऱ्याचा जाड थर होता! वास्तुशांतीला भगत स्वतः वर चढून 'देवाचा हात' फिरवून आला होता, तो हाच.

"पोरी, पूजा पुसलीस तर भसम हुशील!"

"होऊ द्या!" तिनं साबणाच्या पाण्यानं एक पॅनेल खसाखसा घासलं. खाली बॅटरीच्या डब्यावरचा हिरवा दिवा लागला. थोड्या वेळानं यंत्र घरघरलं आणि सुलाबाईनं धुळाच्या तोंडाला नळी लावली.

"बगा! म्याच गाऱ्हानं घातलं. देव परसन झाला!" भगतानं बेधडक ठोकून दिलं.

"साबणानं निघतो तो कोप कसला?" उत्कर्षा वरूनच कडाडली. "आवं भगत, तुमच्या मठीवरचं पॅनेल रोज फडक्यानं पुसता, त्यावर भंडाऱ्याचा कण पडू देत न्हाई. मळलं की उजेड जातो, हे तुमाला पक्कं ठाऊक हाय. यंत्र आल्यापासनं धुळाला गंडा बांधायला तुमच्याकडं आणंनात, म्हणून लेकराचा श्वास कोंडलात!"

भगत गर्दीकडं मागं सरकला.

सुलाबाई बाहेर आली. तिनं बादली उचलून भगताच्या हातात दिली. "चढा वर. दुसरं तुमी धुवा."

वस्ती बघत होती. भगत मुकाट्यानं शिडी चढला.

"देव माझा बी हाय," सुलाबाई सगळ्यांकडं वळून म्हणाली. "पर हितनं म्होरं कुनी कोप झाला म्हनलं, तर आदी वर चढून बगायचं. पाने मागनं काढायचे."