काष्ट्यातली सायकल

जयाच्या डोक्यात सायकल शिरली होती. चुलीवर भात शिजत ठेवला तरी तिच्या डोळ्यांपुढं चाकं फिरत, आणि सासू धोंडूबाईनं हाक मारली तरी दोनदा मारावी लागे.

साजगावात सखाची बायको होऊन ती आली तेव्हाच नर्स होती. सखा कारखान्यात, धोंडूबाई शेतात आणि जया सरकारी दवाखान्यात, असं ते घर चालायचं. एक्याऐंशी साली तिच्याकडं डोंगरावरच्या वाड्या आल्या. तिथल्या पोरांना लस टोचायची. लस बर्फाच्या थर्मासात न्यायची, म्हणजे ऊन तापायच्या आत वर पोचायला हवं. पायी गेलं की पहिल्या वाडीतच बर्फाचं पाणी व्हायचं आणि पुढच्या वाडीतल्या आया लेकरं काखेला मारून वाट बघत बसायच्या. वर जायला बैलगाडीची कच्ची वाट होती, पण एसटी तिकडं कुठली यायला!

माहेरी, पोशीरला, जयानं भावाची सायकल पळवून पळवून नेरळपर्यंत नेलेली होती. तेव्हा चालवायची भीती तिला नव्हती. प्रश्न होता, डोंगर चढेल आणि उतरताना मान मोडणार नाही अशी जुनी सायकल मिळायची कुठं?

रविवारी सखाची पाळी होती, म्हणून धोंडूबाईच तिच्यासोबत शिळफाट्यावर निघाली.

"तुमाला काय कळतंय त्यातलं, आत्याबाई?" जया हसत म्हणाली.

"बैल घ्यायला तुजा सासरा मलाच न्यायचा. मुकं जनावर कळतं, मग ही काय बोलती हाय?"

पोपटचं सायकलीचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. आत जुन्या सायकली एकीला एक टेकून उभ्या. त्यातली एक हिरवीगार लेडीज सायकल पोपटनं हौसेनं पुढं ओढली. चकचकीत मडगार्ड, हँडलला रंगीत झुरमुळ्या, आणि घंटी अशी की वाजवली तर रस्त्यापलीकडच्या हॉटेलातला माणूस मान वळवून बघेल.

"बाईमाणसाला हीच," पोपट म्हणाला. "साडी अडकत नाय, काय नाय."

जयाला ती बघताक्षणीच आवडली. धोंडूबाईनं मात्र सायकलीभोवती एक चक्कर मारली, सीट दाबून बघितली, आणि म्हणाली, "दिसायला बरी हाय. पर चढाला घातल्याबिगर आमी घेत नाय. एक दिस आमच्याकडं राहू दे."

पोपटनं आधी नाही म्हटलं, मग धोंडूबाईच्या तोंडाकडं बघून हो म्हटलं.

डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर धोंडूबाईनं शर्यत लावली. बैलगाडीची वाट वळणं घेत वर जायची आणि पायवाट करवंदीच्या जाळ्यांतून उभीच्या उभी चढायची. वाडीच्या अलीकडं, मोठ्या आंब्याखाली, दोन्ही वाटा एक व्हायच्या.

"मी पायी जाते, तू सायकलीवर ये. माज्या आधी आंब्याखाली पोचलीस तर सायकल घ्यायची. नाय तर पाय काय वाईट हायेत?"

पहिलं वळण जयानं मजेत घेतलं. दुसऱ्यावर मांड्या भरून आल्या. तिसऱ्यावर ती पायडलवर उभी राहिली, पुरा भार टाकला, तरी चाक हलायला मागेना. शेवटी ती उतरली आणि सायकल ढकलत निघाली. आंब्याखाली पोचली तेव्हा धोंडूबाई ऐसपैस बसून पानाला चुना लावत होती.

"ये गं बाय," ती म्हणाली. "तू सायकल आणलीस का सायकलीनं तुला आणलं?"

उतरताना तर आणखीच फजिती. ब्रेक दाबले की किंचाळायचे, पण चाक काही अडायचं नाही. एका वळणावर जया सरळ कापलेल्या भाताच्या खाचरात गेली आणि पेंढ्याच्या ढिगात घुसली. खरचटलं नाही, पण केसांत पेंढा, झुरमुळ्यांत पेंढा. धोंडूबाई कमरेवर हात ठेवून इतकी हसली की तिला खोकला लागला.

जया मात्र हिरमुसली नाही. उलट तिचं डोकं भराभर चालायला लागलं. हिरवी का हरली ते आता तिला पायांनी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर हिरवी परत घेऊन ती थेट पोपटपुढं उभी राहिली.

"मला चढताना हलकी पाहिजे. वेग नको. आणि ब्रेक असे पाहिजेत की मी म्हणेन तिथं उभी राहिली पाहिजे."

पोपट डोकं खाजवायला लागला. मग शेडच्या मागं गेला आणि एक काळी, रंग उडालेली सायकल घेऊन आला. मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती. पण टायर चांगले रुंद होते आणि हँडल सरळ, दोन्ही हातांत ऐसपैस मावणारं.

"ही एक हाय. दुधवाला वापरायचा, कॅन लावून. सांगाडा कसा दगडासारखा हाय बघा. पुढची चकती काढून लहान पोरांच्या सायकलची बारकी बसवतो आणि मागं दात्यांचं मोठं चक्र. पाय जास्ती फिरवावे लागतील, पर जोर अर्धा लागंल. सपाटीवर मात्र कोणपण तुमाला मागं टाकून जाईल, आधीच सांगतो."

"जाऊ देत," जया म्हणाली. "आणि ब्रेक?"

"तारेचे घालतो, नवे रबर लावून."

बोलता बोलता पोपटलाच चेव चढला. त्यानं पाना हातात घेतला आणि गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून वाटेला लावलं. जया वाकून प्रत्येक गोष्ट बघत होती. एवढ्यात तिचं लक्ष सीटपासून हँडलपर्यंत गेलेल्या आडव्या दांड्याकडं गेलं आणि तिचा चेहरा पडला. ही पुरुषांची सायकल. साडी नेसून यावर बसायचं कसं?

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा सखा म्हणाला, "मग हिरवीच घेऊ. ब्रेक दुरुस्त करून घेऊ." धोंडूबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मी कंबरभर चिखलात लावणी करते ती काय नेसून?"

"लुगडं."

"काष्टा घालूनच ना? मग तू बी घाल. सफेद लुगडं आण, म्हंजे दवाखान्याचंच झालं. त्यात कोण काय बोलतंय ते मी बघते."

जयानं सासूकडं बघितलं आणि उठून तिच्या गळ्यातच पडली. धोंडूबाईचे हात पिठात होते, म्हणून तिनं कोपरानंच सुनेला ढकललं.

पुढच्या रविवारी, काळीही एक दिवसाच्या बोलीवर आणून, पायथ्याशी पुन्हा दोघी. जयानं काष्टा कसून घातलेला, पदर कमरेला खोचलेला. धोंडूबाईनंही पदर खोचला. या खेपेला ती हातचं राखणार नव्हती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"चल!" म्हणाली आणि करवंदीत दिसेनाशी झाली.

काळी सायकल हळू निघाली. पाय भरभर फिरत होते, सायकल मात्र रमतगमत चालल्यासारखी. जयाला वाटलं, मेलं, ही तर चालण्यापेक्षाही हळू! पण पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि मांड्या अजून शाबूत होत्या. तिसऱ्या वळणावर, जिथं हिरवी रुसून बसली होती, तिथं काळीनं नुसता घोगरा आवाज केला आणि चढली. जयाला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. वर जाळ्यांत काटक्या मोडल्याचा आवाज आला. म्हणजे सासू जवळच होती!

शेवटचा चढ बारीक खडीचा. जया पायडलवर उभी राहिली तशी मागचं चाक जागीच गरगरलं. ती पटकन सीटवर बसली, भार मागं टाकला, आणि रुंद टायरनं जमीन धरली. छाती फुटेल असं वाटत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता. आंबा दिसला. सावली दिसली. तिनं दात आवळले, शेवटचे पाय मारले, आणि सावलीत शिरून सायकलीसकट गवतावर आडवी झाली.

जाळी हलली आणि धोंडूबाई बाहेर आली. अंबाडा सुटलेला, दंडावर ओरखडे. जयाला तिथं बघून ती जागीच थबकली.

"पोचलीस?"

"पोचले, आत्याबाई! पोचले!"

धोंडूबाईनं दम घेतला. मग काळी उभी केली, तिच्या सीटवर बैलाच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली, आणि कॅरियर हातानं दाबून बघितला.

"चढली खरी. आता उतरायचं बघू. मला बसव."

"तुमाला? खाली ह्या वाटेनं?"

"उद्या वाडीतली एखादी अडलेली बाई दवाखान्यात न्यायची झाली तर? वजन घेऊन उभी राहते का नाय, ते आजच बघू. चल."

जयानं कितीही नाही म्हटलं तरी ती ऐकणारी नव्हती. कॅरियरवर दोन्हीकडं पाय टाकून बसली आणि सुनेची कंबर घट्ट धरली. जया निघाली. मागचा ब्रेक आधी, पुढचा हलके, असं मनाशी म्हणत. सायकल गडगडत खाली सुटली. खडे उडाले, वारा कानांत शिरला. पहिल्या वळणावर धोंडूबाईनं मिठी आणखी आवळली. दुसऱ्यावर तिच्या तोंडून "अगं आये!" निघालं. तिसऱ्यावर मात्र वाटेत शेळ्यांचा कळप आडवा उभा.

"शेळ्या गं! शेळ्या!"

जयानं दोन्ही ब्रेक आवळले. मागचं चाक थोडं सरकलं, थरथरलं, आणि सायकल सगळ्यात पुढच्या शेळीच्या नाकापुढं गपकन उभी राहिली. जयानं पाय टेकले. शेळी दोघींकडं बघत रवंथ करत राहिली. शेळ्यांमागं आलेला म्हातारा पोशा काठी टेकून बघतच राहिला.

"धोंडू, तू गं?" त्यानं विचारलं.

"मीच! बाजूला कर तुजी शेरडं, आमी घाईत हावोत!"

खाली सपाटीला आल्यावर जयानं सायकल घराकडं वळवली. दारात सखा उभाच होता. आई कॅरियरवर बसून येताना बघून त्याच्या हातातला तांब्या कलंडला. जया थांबली, पण मागचं वजन काही उतरेना. कंबरेवरची मिठी तशीच.

"उतरा ना, आत्याबाई. घर आलं."

"दिसतंय मला," धोंडूबाई म्हणाली. "पर पोपटला सांगायला नको का, सायकल ठेवली म्हणून? चल, शिळफाट्यावर जाऊन येऊ. आणि भर बाजारातनं घे, मागल्या गल्लीतनं नको."