दादाचा डावा पाय

मधुमेहाच्या जखमांना पट्ट्या करायच्या खोलीत मी अकरा वर्षं नर्स आहे. कुणाचा पाय राहणार आणि कुणाचा जाणार, याचा अंदाज मला पट्टी सोडतानाच येतो. वहिनी म्हणते, म्हणूनच दादाने तुझ्यापासून लपवलं.

दादा माझा थोरला भाऊ, सुतार. साखर पंधरा वर्षांची. गोळी आठवली तर घ्यायचा, सिगारेट मात्र कधी विसरला नाही. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. स्वारी खूश. "बघ छोटे, गेला त्रास!"

मी कपाळावर हात मारला. "त्रास नाही गेला दादा, पायाला कळणंच गेलं. रोज तळवा उलटून बघत जा."

"हो गं बाई," म्हणाला आणि रंधा मारायला लागला.

एका मोठ्या घरात कपाटं बसवायचं काम चालू होतं. बुटात एक स्क्रू पडला होता, तो घेऊन दादा दिवसभर चालला. घरी आल्यावर मोजा ओला दिसला म्हणून वहिनीने पाय बघितला, तर स्क्रू तळव्यात रुतलेला. दादाने तो पकडीने ओढून काढला, वर चिकटपट्टी लावली आणि वहिनीला दम दिला, "छोटीला कळवशील तर खबरदार! ती लगेच भरती करेल. हातातलं काम उरकू दे."

काम उरकायला तीन आठवडे लागले.

"जरा जरी विव्हळले असते ना, तर मी त्यांचं ऐकलं नसतं," वहिनी नंतर रडत म्हणाली. वास यायला लागला तेव्हा कुठे तिने मला फोन केला.

पट्टी मीच सोडली. डॉक्टरांनी जखमेत बारीक सळई घातली, ती थेट हाडाला टेकली. दादा छताचा पंखा बघत होता. मी पायावर नाडी शोधली. घोट्यामागे शोधली. कुठेच लागेना.

डॉक्टर माझ्याकडे बघून विचारत गेले. साखर किती वर्षांची? ताब्यात होती? सिगारेट? जखम किती दिवसांची? मी खाली मान घालून उत्तरं देत होते. एकही उत्तर दादाच्या बाजूचं नव्हतं.

आधी दोन बोटं काढली. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून बघितली, ती पुन्हा बंद झाली. पाचव्या दिवशी काळेपणा टाचेकडे सरकला.

"रक्तच पोहोचत नाही, तिथे औषध काय पोहोचणार?" डॉक्टर म्हणाले. "गुडघ्याखालून काढावा लागेल. थांबलो तर जिवावर बेतेल."

दादाने माझा हात धरला. "छोटे, तू बोल ना त्यांच्याशी. तुझ्या हातून किती जणांचे पाय बरे झाले. माझाच कसा नाही होत?"

"मी विचारलं, दादा."

"परत विचार."

मी परत गेले. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. दाराबाहेर बराच वेळ उभी राहिले, मग आत आले. माझा चेहरा बघून दादाने सहीचा कागद स्वतःच मागून घेतला.

"कुठून कापणार? दाखव."

मी बोटाने दाखवलं. त्याने गुडघ्यापासून तिथपर्यंत वीत लावून बघितली. एक वीतही भरली नाही. मग सही केली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली, टाके भरून आले. तिसऱ्या आठवड्यात घरी सोडायचं ठरलं. त्या सकाळी मी उजवा पाय तपासायला घेतला. एक गेला की दुसऱ्यालाही धोका असतो, हे वहिनीला मी अजून सांगितलं नव्हतं.

"डोळे मीट दादा. पायाला काही टेकलं की 'हो' म्हण."

नायलॉनचा बारीक तंतू मी अंगठ्याला टेकवला. मग करंगळीला, चवड्याला, टाचेला. प्रत्येक वेळी तंतू वाकेपर्यंत दाबला. दहा जागा झाल्या. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तंतू खाली ठेवला.

दादाचे डोळे मिटलेलेच होते.

"अगं, सुरू कर की," तो म्हणाला.