वहिदाने घडवलेला ग्लायडर

मित्रांनो, मी एक जुना ग्लायडर आहे. इंजिन नसलेलं, हाताने फेकायचं, वाऱ्यावर तरंगणारं खेळण्यातलं विमान. तीस वर्षं झाली, अजून मोडलो नाही. पूर्वी मला याचा फार अभिमान होता.

माझा जन्म शिरूर अनंतपाळचा, भूकंपानंतरच्या हिवाळ्यातला. तिथे पाशामियाँ नावाचे सुतार होते. त्यांची बायको आजारी आईला बघायला किल्लारीकडच्या माहेरी गेली होती. मातीच्या भिंतीखालून तिला काढलं तेव्हा श्वास चालू होता. दुपारपर्यंत चालला. डॉक्टर पोचायच्या आत थांबला. सोबत गेलेली त्यांची अकरा वर्षांची लेक वहिदा अंगणात झोपली होती म्हणून वाचली. तिने हे सगळं पाहिलं आणि ती बोलेनाशीच झाली.

लेकीचं मन रमावं म्हणून पाशामियाँनी मला करायला घेतलं. मदतीच्या खोक्यांतल्या थर्माकोलचे पंख, बांबूच्या कामटीचा कणा. पंख खिळ्यांनी पक्के ठोकले आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत मला फेकलं. मी वर चढलो, थबकलो, शेपटीवर आपटलो. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"जाऊ दे बेटा," पाशामियाँ म्हणाले, "आपला हात दारं-खिडक्यांचा."

"अब्बा, त्याचं नाक हलकं हाय."

तीन महिन्यांतले तिचे हे पहिले शब्द. पाशामियाँ तिथेच मातीत बसले आणि टोपीने डोळे पुसू लागले.

मग वहिदा थांबलीच नाही. नाकात एक स्क्रू बसवून पाहिला, दोन पाहिले. तिसऱ्याने मी थेट जमिनीत घुसलो, म्हणून तो काढला. मी सरळ उडू लागलो. पण भिंतीला धडकलो की खिळ्यापाशी पंख फाटायचा. चार जोड्या गेल्या.

"घट्ट ठोकलंय म्हणून मोडायलंय," ती म्हणाली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तिने पंख नुसते आवळून बांधले. आता धडकलो की पंख जरा सरकायचा, पण फाटायचा नाही. कडांना तिने खळीने कापड चिकटवलं. प्रत्येक फेकीनंतर ती पावलं मोजून वहीत लिहायची. एकदा मी बेचाळीस पावलं गेलो!

शाळेच्या प्रदर्शनात महानंदाबाईंनी मला हातात घेतलं. "कुठं शिकलीस गं हे?"

"पडून पडून शिकले, बाई," वहिदा म्हणाली.

दहावीनंतर तिचं लग्न झालं. मी तिच्यासोबत सासरी गेलो आणि कपाटावर पडलो. पुष्कळ वर्षांनी तिच्या नऊ वर्षांच्या लेकीने, नाजियाने, मला खाली काढलं. आईला विचारून विचारून तिने मला नवे पंख केले. मायलेकी संध्याकाळी मला उडवायच्या. तेव्हाइतकं सुख मला पुन्हा लाभलं नाही.

नाजियाला दहावीत ब्याण्णव टक्के पडले, आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी मायलेकींचा मुक्काम लातूरला हलला. एक खोली, एक खिडकी, भिंतीवर वेळापत्रक. पहाटे क्लास, दुपारी क्लास, रविवारी परीक्षा. पोरीने मला पुस्तकांत लपवून आणलं होतं. एक दिवस वहिदाला फिजिक्सच्या वहीत पंखांची चित्रं सापडली.

"हे काय हाय?"

"अम्मी, लांब पंखाचा करून बघायचाय. फक्त रविवारी."

"माझी आई डॉक्टर मिळाला न्हाई म्हणून गेली, नाजिया! दोन वर्षं कळ काढ. मग काय उडवायचं ते उडव."

माझ्या वहिदाने स्वतःच्या हाताने मला पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं. दोन वर्षांची तीन झाली, तिनाची चार. खालून पाठांतराचा आवाज यायचा. हळूहळू तोही कमी झाला.

प्रवेश परीक्षेचा तिसरा निकालही हातचा गेला. नाजिया रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. जेवण समोर तसंच राहायचं. आठव्या दिवशी वहिदाने मला माळ्यावरून काढलं, पदराने पुसलं आणि लेकीच्या उशाशी ठेवलं.

"चल बेटा, गच्चीवर जाऊ. लांब पंखाचा कसा करायचा, सांग मला."

नाजियाने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी वस्तूकडे पाहावं तसं.

"याला मार्क न्हाईत, अम्मी," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

आता रोज संध्याकाळी वहिदा मला मांडीवर घेऊन नाजियाच्या खाटेशी बसते. विचारते, थांबते, पुन्हा विचारते. नाजिया भिंतीकडेच तोंड करून पडलेली असते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझे पंख कुणीही बदलू शकतं. पण घरातलं लेकरू काही करून दाखवायला आलं, तर त्याला 'नंतर' म्हणू नका. ते 'नंतर' येईलच असं नाही. मी वाट पाहतो आहे, आणि मला आता आशा वाटत नाही.