सव्वा मूठ

पुष्पाबाईच्या नाकाला सुरतेच्या बमरोलीतली सगळी चाळ मानायची. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. तेलाचा नवा डबा फोडला की बायका आधी तिच्याकडे वाटी घेऊन यायच्या, आणि ही बाई पदराला हात पुसून, डोळे मिटून हुंगायची आणि सांगायची, की भेसळ आहे, दुकानदाराच्या तोंडावर मारा. कधी चुकली नाही. एवढ्या एका गोष्टीचा तिला ताठा होता, आणि का नसावा? बाकी देवाने तिच्या पदरात टाकलं तरी काय होतं?

नवरा सुपडू दारूने गेला. पारोळ्याकडच्या गावात चौदा वर्षं तिने मोहाच्या दारूसोबत संसार केला. तो वास गोडसर आणि आंबूस, सडायला आलेल्या पेरूसारखा. नवऱ्याच्या तोंडाला तो, घामाला तो, गोधडीला तो. माणूस जळाला तरी वास घरातून महिनाभर गेला नाही. शेवटी सहा वर्षांच्या योगराजला हाताला धरून ती सुरतेला आली, ती कायमचीच. साड्यांवर टिकल्या लावून तिने पोर वाढवलं. सोळाव्या वर्षी तो लूमच्या खात्यावर, कापड विणायच्या कारखान्यात, कामाला लागला, त्या दिवशी तिने त्याला समोर बसवून आपल्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. बाकी काय वाट्टेल ते कर, दारूला शिवू नकोस. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात, पण गावठी दारूची पिशवी, पोटली, हवी त्याला कुठल्याही गल्लीत मिळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पोरगा गुणाचा निघाला हो. बारा तास लूमच्या खडखडाटात उभा राहून यायचा आणि दारातच आईच्या पदराने घाम पुसायचा. खुंटीवर टॉवेल असायचा, पण नाही, पदरच पाहिजे. पुष्पाबाई रोज ओरडायची, एवढा घोडा झाला तरी लाज नाही म्हणायची, आणि रोज पदर पुढे करायची.

त्या पदरालाच तिला पहिल्यांदा वास आला. सुरतेत प्लेग येऊन गेला त्याला तिसरं वर्ष लागत होतं, आषाढ चालू होता. योगराज एकोणीस वर्षांचा. पदर नाकाशी गेला आणि पुष्पाबाई चुलीपुढे बसल्या जागी थिजली. हा नेहमीचा घाम नव्हता. गोडसर, आंबूस, सडका पेरू.

पण आई ती आईच. पहिले आठ दिवस तिने स्वतःच्याच नाकाला खोटं पाडायचा प्रयत्न केला. मशीनच्या तेलाचा असेल, नायलॉनच्या बनियनचा असेल. शेजारची सखुबाई वऱ्हाडातली, तिच्याकडे औषधांची कमी नाही. ती म्हणाली, उन्हाळा अंगात मुरला की घाम बिघडतो. तुरटी फिरव काखेत, कडूलिंबाचा पाला टाकून पाणी तापव, कांदा-लसूण बंद कर, कपडे लिंबाच्या पाण्यात बुचकळ. पुष्पाबाईने सगळं केलं. योगराज हसत हसत तुरटी फिरवून घ्यायचा, म्हणायचा, न्हावी झालीस की माय. बनियन धुऊन वाळत घातला की स्वच्छ, आणि त्याने अंगात घातला की तासाभरात पुन्हा तोच वास. बरं, काखेतून यावा तर तसंही नाही. मानेतून, तळहातांतून, सगळ्या कातडीतूनच यायचा.

मग दुसऱ्या खुणा दिसायला लागल्या. पोरगा उठल्याबरोबर तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. सुपडूही तसाच प्यायचा, आदल्या दिवशीची उतरत नसली की. पोरगा दर घटकेला मोरीत जायचा. जेवायचा दोन माणसांचं आणि अंगावरचं मांस मात्र उतरत चाललेलं, गालांची हाडं वर आलेली. खात्यावरून आला की बूट न काढता आडवा व्हायचा. सुपडूचं काय वेगळं होतं? पुष्पाबाईला जणू तेच चित्र दुसऱ्यांदा दाखवत होतं कुणी.

एका संध्याकाळी तिने त्याला दारातच थांबवलं. हा कर म्हणाली. त्याला आधी कळेना. मग कळलं तसा त्याचा चेहरा उतरला, पण त्याने तोंड उघडलं आणि आईच्या तोंडावर श्वास सोडला. तोच वास, घामापेक्षा चौपट.

"माय, तुनी आन, मी एक थेंब बी लिधा नही," तो म्हणाला.

आणच घ्यायची तर त्याचा बापही घ्यायचा. देवाची, पोराची, मेलेल्या आईची, सगळ्यांची. पुष्पाबाईने हे त्याला तोंडावर ऐकवलं. माझं नाक कधी चुकलं नाही, म्हणाली. त्या दिवसापासून योगराजने पदराला हात लावला नाही. टॉवेलाने तोंड पुसायचा, आणि तिला ते दिसायचं, आणि तिचा जीव तुटायचा, पण बोलायची नाही.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यात न्यायचा. अहो, दारूला दवाखाना कसला? दारूने काय होतं ते तिला माहीत होतं: काळीज, म्हणजे लिव्हर, सुजतं, डोळे पिवळे होतात, मग माणूस जातो. आणि काळजावरचं औषध खानदेशातल्या लहान पोरालाही पाठ असतं, उसाचा रस. तेव्हा रागावलेली, न बोलणारी ही आई रोज कोपऱ्यावरच्या गाड्यावरून रसाचे दोन मोठे पेले आणून त्याच्यापुढे आदळायची. बारडोलीकडचा ऊस, नुसता गोड. पी, म्हणायची, निदान काळीज तरी राहू दे. तहानलेला पोरगा घटाघटा प्यायचा. आईने निदान एवढं तरी पुढे केलं, याचंच त्याला बरं वाटत असेल.

श्रावण लागला. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशी माणसाच्या घरी कानबाई बसते. नारळाची देवी, नथ घातलेली, चौरंगावर मांडलेली. यांच्या भावकीची कानबाई सुरतेतच कतारगामला, सुपडूचा धाकटा भाऊ हिलाल याच्या घरी बसायची. तिच्या नैवेद्याला म्हणतात रोट. त्या रोटाचे गहू असे तसे घेत नाहीत. घराण्यात जेवढे पुरुष, अगदी पाळण्यातला पोरगा धरून, तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घ्यायची. एकेकाचं नाव घेत एकेक मूठ टाकायची. जो घराण्यातला, त्याची मूठ; आणि ज्याची मूठ, तोच त्या रोटाचा धनी.

थोरली जाऊ म्हणून मोजायचा मान पुष्पाबाईचा. शुक्रवारी ती आणि हिलालची बायको अनुसया सूप पुढे घेऊन बसल्या. हिलालच्या नावाची मूठ पडली. त्याच्या दोन्ही पोरांची पडली. चुलत दीर सुकलालची पडली. मग हात पोत्यात गेला, गव्हाने भरला, आणि तिथेच थांबला. अनुसया तिच्याकडे बघत राहिली. पुष्पाबाईने मूठ पोत्यातच सोडली. दारू पिणाऱ्याच्या नावाचा दाणा मी देवीपुढे ठेवणार नाही, म्हणाली. सुपडूची मूठ मी चौदा वर्षं टाकली, काय उपयोग झाला? अनुसयाने हात धरला, असं करू नका म्हणाली, पोरगं आहे. पण पुष्पाबाई हट्टाला पेटली होती. तिला वाटलं, एवढा घाव बसल्यावर तरी सोडेल. खरं सांगते, त्या क्षणी तिच्या मनात दुष्टावा नव्हता, पोर वाचवायचं होतं तिला. पण केलं ते केलंच ना.

योगराज सामान पोचवायला आला होता. ओट्यावर बसून त्याने सगळं ऐकलं की काय कोण जाणे. निघताना चप्पल घालता घालता त्याने विचारलं, "माय, मनी मूठ लिधी का?"

"नही," पुष्पाबाई म्हणाली.

त्याने मान हलवली. रागावला नाही, भांडला नाही. पाणी मागितलं, तीन पेले प्यायला आणि गेला.

रविवारी कानबाई बसली. घर माणसांनी भरलं, पुरणाचा वास सुटला, बायका गाणी म्हणायला लागल्या. योगराज दुपारी आला तो भिंतीला धरत धरत. पोट दुखतंय म्हणाला, आणि दारातच ओकला. जोरजोरात, खोल श्वास घेत होता, लांबून पळत आल्यासारखा. डोळे अर्धे मिटलेले. आणि तो वास, आता तर नाक नसलेल्यालाही यावा असा. भाऊबंदांनी एकमेकांकडे पाहिलं. सुकलालने तोंड फिरवलं. देवीच्या दिवशीसुद्धा, असं कुणीतरी पुटपुटलं.

पुष्पाबाईला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला मागच्या ओट्यावर नेलं, खाली सतरंजी टाकली आणि म्हणाली, उतरेपर्यंत इथून हलायचं नाही. तो काहीतरी बोलला. पाणी मागितलं असेल. तिने तांब्या उशाशी ठेवला आणि ती आत गेली. दिवसा एकदा आणि रात्री जागरणातून उठून एकदा डोकावली. तो झोपलेला होता. झोपू दे, असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन सगळे वाजतगाजत तापीवर गेले. तिथून परत येऊन पुष्पाबाई ओट्यावर गेली, तेव्हा तांब्या तसाच भरलेला होता. तिने हाक मारली, हलवलं, गालावर चापट मारली. योगराज उठेना. हिलालने रिक्षा आणली.

सरकारी इस्पितळात एक वयस्कर नर्सबाई होती. तिने योगराजला टेबलावर घेतलं, वाकली आणि वास घेतला. तसाच, डोळे मिटून, जसा पुष्पाबाई घ्यायची. मग विचारलं, ह्याला साखर आहे का? पुष्पाबाईला कळलंच नाही. कसली साखर? दारू पितो तो, ती म्हणाली. स्वतःच्या तोंडाने म्हणाली. नर्सबाईने मान हलवली. दारू नाही ही, बाई. अंगातली साखर वापरलीच जात नाही, मग शरीर स्वतःलाच जाळायला लागतं, त्याचा हा वास. श्वासाला येतो, घामाला येतो. तहान लागत होती का? वाळला होता का? सारखा लघवीला जायचा का? पुष्पाबाई प्रत्येकाला हो म्हणत गेली.

"किती दिवस येतोय वास?"

"दीड महिना."

नर्सबाईने डॉक्टरला हाक मारली. रक्त तपासलं, सुया टोचल्या, बाटल्या लावल्या. डॉक्टरने नंतर हिलालला सांगितलं की रक्तात दारूचा अंशही नाही. रोज सुई घेतली असती तर म्हातारा होईपर्यंत जगला असता. गोड बंद ठेवायला हवं होतं, तेही म्हणाला. पुष्पाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती.

मंगळवारी दुपारी योगराज गेला. शुद्धीवर आलाच नाही, त्यामुळे तिला त्याची माफीसुद्धा मागता आली नाही. कपाळावर घाम होता. तिने पदराने पुसला.

घरी सुतक आलं. सुतकात रोट चालत नाही, म्हणून त्याचं उरलेलं पीठ हिलालने नदीत सोडलं. सखुबाई कधी दुधाची वाटी घेऊन आली तर पुष्पाबाई मान फिरवायची. मला वास येत नाही आता, म्हणायची. खोटं होतं ते. येत होता, पण तिचा त्या नाकावर विश्वास उरला नव्हता. त्या दिवसाची साडी तिने धुतली नाही, घडी करून ट्रंकेत ठेवली. रोज काढून हुंगायची. पावसाळा संपेपर्यंत त्यातला वास उडून गेला आणि नुसत्या कापडाचा राहिला.

पुढच्या श्रावणात मोजायला तिलाच बोलावलं. ती नको म्हणाली, पण थोरली तीच. अनुसयाने सूप पुढे ठेवलं. हिलालची मूठ पडली, दोन्ही पोरांची पडली, सुकलालची पडली. मग पुष्पाबाईचा हात पुन्हा पोत्यात गेला आणि गच्च भरून वर आला. ओठ हलले, नाव घेतलं तिने. अनुसयाने हळूच तिचं मनगट धरलं. गेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत, जाऊबाई, ती म्हणाली.

पुष्पाबाईने मुठीकडे पाहिलं.

"मागला साल तो जित्ता व्हता," ती म्हणाली, "तवय बी मी टाकी नही."

मग तिने मूठ पोत्यावर धरली आणि बोटं सैल केली. गहू खाली पडले. थोडे तळहाताला चिकटून राहिले, हाताला घाम आला होता, ते तिने एकेक करून पोत्यात टाकले.