मी टेम्पोत चढले नाही

मी एक विजेची भट्टी बोलतेय. वर चार गोल शेगड्या, खाली पोटात ओव्हन, पुढं काचेचं दार आणि कपाळावर बटणांची रांग. तळेगाव ढमढेऱ्यात मला सगळे 'रशिदाची भट्टी' म्हणतात. नवं माणूस घरात आलं की पहिला प्रश्न माझ्याबद्दलच. "ही अजून चालते?" चालते. मला मोडीत घालायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत मी चालून दाखवलंय. ते कसं घडलं, तेच सांगायचंय.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यातला. जाड पत्रा, त्यावर पांढरं इनॅमल, ओव्हनच्या भिंतींत काचेची लोकर. पाठीमागचे स्क्रू काढले की माझा पत्रा निघतो आणि आतलं सगळं दिसतं. कुठली वायर कुठं जाते, कुठलं कॉइल काळं पडलंय, काही लपत नाही. हल्लीचे चकचकीत ओव्हन चिकटवून बंद केलेले असतात, बिघडले की गेले. मी तशी नाही. मला उघडता येतं आणि याचा मला अभिमान आहे.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचं गेस्ट हाउस होतं. परदेशी इंजिनियर उतरायचे, त्यांना सकाळी पाव लागायचा, म्हणून मला आणलं. तिथले आचारी मला शिव्या घालायचे. बटण एकशेऐंशीवर ठेवलं तरी केक मधे कच्चा राहतो, म्हणायचे. मग दौंडचा बिलाल आचारी म्हणून आला. त्यानं शिवी दिली नाही. त्यानं एक गोल तापमापक आणून माझ्या मधल्या जाळीवर ठेवला, मला नीट तापू दिलं, काचेतून काटा बघितला. बटण एक सांगत होतं, काटा दुसरंच. तो हसला. "तू खोटी नाहीस गं. तुझं बटण सरकलंय." दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोची लाल नेलपॉलिश आणली आणि खरं तापमान जिथं लागत होतं तिथं बटणावर ठिपके दिले. त्या दिवसापासून माझा केक कधी कच्चा राहिला नाही.

गेस्ट हाउस बंद पडलं तेव्हा जुनं सामान विकायला काढलं. बिलालनं मला घेतलं. त्याचा थोरला भाऊ महबूब दौंडला राहतो, टेम्पो चालवतो. त्याच टेम्पोतून मी तळेगावला आले, बिलालच्या बायकोच्या, रशिदाच्या माहेरगावी. तिथं त्या दोघांनी दोन खोल्या बांधल्या होत्या.

बिलाल पाव करायचा, रशिदा नानकटाई. बाजाराच्या दिवशी माल संपायचा. रशिदा माझं सगळं शिकली. दाराचं रबर ढिलं पडलंय का हे बघायला ती दारात कागदाची पट्टी धरून दार लावायची आणि पट्टी ओढायची. सहज निघाली की समजायचं, तिथून धग पळतेय. माझ्या तळाशी तिनं कधी ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद अंथरला नाही. त्यानं उष्णता कोंडते आणि इनॅमल जळतं. संध्याकाळी गावभरच्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडायचं, नानकटाई पांढरीफटक राहायची. तेव्हा ती मला दोष न देता म्हणायची, "दमानं घे, मी थांबते." इतका सरळ संसार मी दुसरा पाहिला नाही.

मग तो उन्हाळा आला.

दुपारची वेळ होती. बिलाल पत्र्याच्या कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होता. कूलर चालूच होता. मी समोरच्याच भिंतीला होते. बादली पडली, तो कूलरला चिकटल्यासारखा झाला आणि मग खाली पडला. शेजारची साखरबाई धावत आली. तिनं मेन स्विच पाडला. पण उशीर झाला होता.

महबूब दौंडहून आला. भावाला त्यानं स्वतःच्या हातांनी उचललं. माती झाल्यावर तो परत घरात आला, कूलर ओढत बाहेर नेला आणि भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला. जमलेली माणसं म्हणाली, नशीब. त्या कूलरमध्ये काय बिघडलं होतं हे कुणी विचारलं नाही. आजही मला याचाच राग आहे. माणूस गेला आणि कुणी एक स्क्रूसुद्धा उघडला नाही.

रशिदा इद्दतीत बसली, नवऱ्यामागं घरातच काढायचे चार महिने दहा दिवस. माझ्यावर जुनी चादर पडली. पावसाळा आला, माझ्या मागची भिंत ओल धरून बसली, आणि ती ओल हळूहळू माझ्या अंगात शिरली. मला कळत होतं, पण सांगणार कुणाला?

इद्दत संपली, दिवाळी जवळ आली. गावातल्या बायका दरवर्षी तूप, साखर, मैदा आणून देतात आणि रशिदा त्यांना नानकटाई करून देते. यंदाही साखरबाईनंच विषय काढला. "रशिदा, किती दिस भिंतीकडं बघत बसशील? लाव ती भट्टी."

रशिदानं चादर काढली, मला पुसलं, फरशी पुसली आणि बटण फिरवलं. दार उघडायला तिनं माझ्या लोखंडी मुठीला हात लावला आणि किंचाळून मागं फेकली गेली. ओल्या फरशीवर ती अनवाणी होती. साखरबाईनं पुन्हा धावत जाऊन मेन स्विच पाडला. या वेळी उशीर झाला नाही. रशिदाचा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता, पण ती उठून बसली.

दुसऱ्या दिवशी महबूबचा टेम्पो दारात उभा राहिला. मागचं फळकं खाली सोडलेलं, दोर तयार.

"हिला नेतो," तो म्हणाला.

रशिदा माझ्यासमोर उभी राहिली. "भाईजान, हिला हात लावू नका."

"एक गेला ह्या घरात. आता तू जाणार? मी ह्या हातांनी माझ्या भावाला उचललंय, रशिदा!"

"आन् मी? मी काय बघितलं न्हाई?" तिचा आवाज फाटला. "कूलर नेला तवा मी गप बसले. त्यात काय बिघडलं होतं, कुणी बघितलं? त्यांना कशानं मारलं, मला अजून ठाऊक न्हाई. आज भट्टी न्याल, उद्या मिक्सर, परवा फ्रिज. मग मी काय दिव्याशिवाय बसू? ही बिघडली असंल तर काय बिघडलंय ते मला कळलं पाहिजे. मग न्या."

महबूब माझ्याकडं असा बघत होता, जणू मी खुनी आहे. मीही त्याच्याकडं बघत होते. माझ्या अंगात दोष होता, मी नाही म्हणत नाही. पण न बघता, न मोजता गुन्हेगार ठरवलेलं मला चालणार नव्हतं. मी जड आहे. चार माणसांशिवाय हलत नाही. त्या दिवशी माझ्या वजनाचा मला फार आधार वाटला.

साखरबाई मधे पडली. "महबूबभाई, आमची वैष्णवी संध्याकाळी येतीय कामावरनं. तिला बघू द्या. तोवर चहा घ्या."

वैष्णवी म्हणजे साखरबाईची सून. आयटीआय झालेली, रांजणगावला एका कारखान्यात मशिनी दुरुस्त करते. महबूबला पटलं नव्हतं, पण तो पायरीवर बसला. "संध्याकाळपर्यंत," म्हणाला. "मग टेम्पोत."

वैष्णवी आली ती युनिफॉर्मवरच. माझा प्लग काढून तिनं पाठीचा पत्रा उघडला. किती दिवसांनी माझ्या आत उजेड आला! मीटरच्या सुया लावून तिनं एकेक कॉइल मोजलं. वरचं नीट, खालचं नीट. वायर कुठं तुटलेली नाही, उंदरानं कुरतडलेली नाही, कुठं पत्र्याला टेकलेली नाही. ती उठली.

"भट्टी चांगली हाय, चाची."

"मग काल झटका भुतानं दिला का?" महबूब म्हणाला.

वैष्णवी पुन्हा खाली बसली. "चाचा बरोबर बोलतायत. ह्या मीटरमधी इवलीशी बॅटरी हाय. एवढ्याशा जोरानं बारीक गळती दिसत न्हाई. कंपनीत मेगर हाय, त्यो जोर लावून बघतो. साहेबांना विचारून उद्या आणते." तिची नजर माझ्या प्लगवर गेली. "पण तोवर एक बघू द्या. गळती असली तरी एवढा झटका बसायला नको होता."

तिनं होल्डरमध्ये बल्ब लावला, त्याला दोन वायरी. माझ्या भिंतीवरच्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर काढून वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब विझलेलाच. पुन्हा घातली. अंधार.

"हे वरचं भोक अर्थिंगचं," ती म्हणाली. "भट्टीच्या पत्र्यात वीज उतरली तर तिनं ह्या वाटेनं जमिनीत जायचं असतं. हितं वाटच न्हाई."

तिनं मेन स्विच पाडला आणि बोर्ड उघडला. कोपऱ्यात हिरवी वायर गुंडाळी करून ठेवलेली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती. घर बांधलं तेव्हापासून तशीच. तिच्या टोकाचं प्लास्टिकसुद्धा कुणी सोललं नव्हतं.

महबूब जवळ आला. ते टोक त्यानं बोटांत धरलं.

"म्हंजी... त्या कूलरलाबी?"

"सगळ्या घराला, चाचा."

"ही जोडलेली असती तर?"

वैष्णवीनं रशिदाकडं बघितलं. "वाचलेच असते असं मी छातीठोक न्हाई सांगू शकत. पण वीज पळायला वाट मिळाली असती. फ्यूज उडाला असता."

रशिदा भिंतीला टेकून खाली बसली. ती रडली नाही. इतकंच म्हणाली, "म्हंजी नशीब न्हवतं ते."

महबूब बाहेर गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. टेम्पो मागं रिकामाच होता.

सकाळी तो परत आला तेव्हा टेम्पोत पहार होती, फावडं होतं, तांब्याची पट्टी, लांब पाइप, कोळसा आणि मिठाची पोती होती. दौंडच्या दुकानात विचारून विचारून त्यानं सगळं आणलं होतं. तो घरामागं अर्थिंगसाठी खड्डा खणू लागला. साखरबाईचा नवरा जयसिंग म्हणाला, "मजूर बघू का?" तर महबूबनं नकारार्थी मान हलवली. जमीन मुरमाड होती. पहारीचा प्रत्येक घाव मला भिंतीतून ऐकू येत होता. त्या खड्ड्यावर त्यानं कसला कसला राग काढला, ते त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी वैष्णवी मेगर घेऊन आली. हिरवी वायर सोलली, खड्ड्यातल्या पट्टीला जोडली. बल्ब आता त्या मोठ्या भोकातही पेटला. मग तिनं मेगर माझ्या कॉइलना लावला. वरचं कॉइल ठणठणीत. खालच्या कॉइलला काटा तळाशीच पडून राहिला.

"सापडलं," ती म्हणाली. "कॉइलच्या आतल्या पावडरीनं पावसाळ्यात ओल धरलीय."

"फेकायचं का ते?" रशिदानं विचारलं.

"न्हाई. वाळवायचं."

तिनं खालच्या कॉइलच्या वायरी सोडल्या आणि एकटं वरचं कॉइल चालू केलं. मंद. माझ्या वरच्या धगीनं माझं खालचं अंग वाळायला लागलं. त्या दिवशी मला कुणी नवा भाग घातला नाही. मी माझ्याच उष्णतेनं बरी होत होते. वैष्णवी मला बंद करायची, निवू द्यायची आणि पुन्हा मोजायची. काटा जरा वर. मग आणखी वर. महबूब तिच्या मागं उभा राहून काटा बघत होता. काटा पार वर जाऊन स्थिरावला तेव्हा त्यानं नकळत सोडलेला श्वास मी ऐकला.

बोर्डावर नवा स्विच बसला, गळती झाली तर आपोआप पडणारा. वैष्णवीनं त्याचं बटण दाबून तो पडतो का तेही बघितलं. मग खालचं कॉइल जोडून मला पूर्ण चालू केलं, मीटर माझ्या पत्र्याला लावला. "शून्य," ती म्हणाली. "धरा आता, चाची."

रशिदानं हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. मला तिचा राग आला नाही.

तेव्हा महबूब पुढं आला. त्यानं चपला काढल्या. वैष्णवी काही म्हणायच्या आत त्यानं आपला पंजा माझ्या पत्र्यावर टेकवला. भावाला उचललेला तोच हात. खड्डा खणून तळव्याला फोड आले होते. तो हात त्यानं काढला नाही. तसाच ठेवून तो रडला. भावाच्या मातीलाही तो असा रडला नव्हता.

रशिदानं त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

त्या दिवाळीला गावभर नानकटाई गेली. आणि महबूब? तो दर जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजानंतर, तळेगावला येऊ लागला. होल्डर, बल्ब, दोन वायरी घेऊन तो वैष्णवीबरोबर गल्लीतल्या घरांत जायचा. कुठं भोकात काहीच नव्हतं, कुठं हिरवी वायर बोर्डातच कापलेली निघाली. लोक आधी हसायचे. बल्ब पेटला नाही की हसणं थांबायचं. आता भांडगावच्या सोयऱ्यांकडूनही त्याला बोलावणं येतं.

माझ्या कोपऱ्यांचं इनॅमल उडालंय, एक शेगडी उशिरा तापते, दाराची बिजागरी करकरते. असू द्या. माझी कुणाकडं दयेची मागणी नाही. जुनी आहे म्हणून मला सांभाळा, असंही मी म्हणणार नाही. मी बिघडेन, पुन्हा बिघडेन. फक्त तेव्हा माझ्याकडं बोट दाखवून मोकळे होऊ नका. यंत्राला नशीब नसतं, वायरी असतात. त्या मोजता येतात. आणि तुमच्या घरी, जिथं तुमची माणसं रोज ओल्या हातानं काहीतरी धरतात, तिथं बोर्डात ती हिरवी वायर कशाला जोडलीय हे आजच बघा. मी घाबरवत नाहीये. मी एक माणूस जाताना बघितलाय.

बोलणं पुरे झालं. रशिदाचं पीठ मळून तयार आहे आणि मला तापायचंय.