न आलेल्याची खुर्ची

“भाऊजी, तो अर्ज बाद करा. एक फुली मारायचीय, बस्स!” माझा धाकटा भाऊ म्हणाला. चहाला त्याने हातही लावला नव्हता, वर साय धरली होती.

अर्ज गावातल्या एका कंत्राटदाराचा होता, वाचनालयाच्या अध्यक्षपदासाठी. निवडून आलो तर निवडणुकीची कटकट कायमची बंद आणि वाचनकक्ष फक्त वर्गणीदारांसाठी, असं त्याने पत्रकात उघड छापलं होतं. भाऊ तिथला ग्रंथपाल. कुणीही आलं तरी त्याला वाचत बसू द्यायचा, म्हणून तो कंत्राटदाराच्या डोळ्यांत खुपत होता. आणि निवडणूक अधिकारी आमचे हे.

ह्यांनी जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातही विरचना. कुठलाही शब्द घ्यायचा आणि तो कुणाला दाराबाहेर ठेवून ऐटीत उभा आहे ते शोधायचं. लोकशाही तर म्हणे पूर्ण आलेली कधीच नसते, कायम यायचीच असते. “आपला प्लंबरही तसाच,” मी म्हणायचे. हे हसायचे. पण वाचनालयाच्या प्रत्येक सभेत एक खुर्ची रिकामी ठेवायला लावायचे, अजून न आलेल्यासाठी. लोक टिंगल करत. खुर्ची मांडायचा मात्र माझा भाऊच.

“नियमात बसतं, भाऊजी. संस्थेच्या घटनेविरुद्ध असेल त्याला वगळता येतं.”

“येतं रे. पण त्याला वगळलं तर निवडणूक मीच मोडली. त्याच्याही आधी.”

“आणि नाही वगळलं तर?”

“तर कदाचित तो मोडेल.”

“कदाचित?” भाऊ उठला. “माझं घर चालतं त्या नोकरीवर, तुमच्या कदाचितवर नाही.”

ह्यांचा चेहरा पडला. कुठूनही गेलं तरी नुकसानच होतं, हे मलाही दिसत होतं. तरी मला ह्यांचा संताप आला. अजून येतो.

अर्ज मंजूर झाला. कंत्राटदार दणक्यात निवडून आला. पहिल्याच सभेत त्याने निवडणुकीचं कलम काढून टाकायचा ठराव मांडला. विरोधात दोन हात वर झाले, ह्यांचा आणि माझा.

“घ्या सर खाली, दुखेल हात,” अध्यक्ष हसत म्हणाला. “आणि ती जास्तीची खुर्ची घरी न्या. आता कुणी यायचं राहिलेलं नाही.”

हे खुर्ची घेऊन घरी आले. रिक्षा केली नाही, कुणाला हात लावू दिला नाही.

त्याच आठवड्यात भावाची नोकरी गेली. तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकलेला नाही. फोन केला की भावजय सांगते, “बाहेर गेलेत, ताई.” मागे त्याचा खोकला ऐकू येतो.

ती खुर्ची ह्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलाशी मांडली आहे. जेवताना कधीतरी म्हणतात, “येईल.” कोण, ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही. घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर मी वाळलेले कपडे टाकते. तिच्यावर टाकत नाही.