खालची विहीर

आंबिया बहार फुटला होता. सौंसरजवळच्या त्या मळ्यातल्या घरात संत्र्याच्या फुलांचा वास दारं लावली तरी आत यायचा आणि श्रुतीचे डोळे जड करायचा. ती घरूनच एका छोट्या कंपनीचं काम करायची. हवामान, झाडांवरच्या रोगांची सूचना, असं काहीबाही गावोगावच्या शेतकऱ्यांच्या फोनवर रोज आपोआप जाऊन पडायचं. त्या वाटेला फीड म्हणतात. प्रत्येक गावाच्या फीडसाठी एक फाइल हातानं लिहावी लागे. ओळी त्याच, नाव, पत्ता आणि ऐकणारे तेवढे बदलायचे. एखादी खूण चुकली की फीड मुकं. बोरगावची फाइल लिहिता लिहिता तिला डुलकी लागली, तर झोपेतही त्याच ओळी झाडांच्या रांगांसारख्या दूरवर जाताना दिसल्या.

शेवटी तिनं एक छोटंसं साधन लिहून काढलं. त्यात ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप केला की ते मराठीत विचारायचं : नाव काय? कुठून आणायचं? कोणासाठी? उत्तरं दिली की फाइल आपोआप तयार आणि फीड सुरू.

सासरे, गुणवंताजी, चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले. "हे काय करून राहिली वं पोरी?"

"पहा ना मामाजी. तुम्ही सांगा उत्तरं, मी लिहिते."

ती गमतीनं म्हणाली होती. ते मात्र दारात आलेल्या पाहुण्यानं काही विचारल्यासारखे पडद्याकडे वाकले.

"नाव लिही, खालची विहीर."

"बरं. कुठून आणायचं?"

"विहिरीतूनच आनतो ना. माह्या फोनात आवाज भरीन."

"आणि कोणासाठी?"

"सुभद्रासाठी," ते हळूच म्हणाले.

सुभद्रा त्यांची धाकटी बहीण. पांढुर्ण्याला लेकाकडे राहायची. गुडघ्यांमुळं तिचं माहेरी येणं थांबलं होतं. फोन व्हायचे, पण "जेवली का?" "जेवली" यापुढं दोघांनाही काही सुचत नसे.

सकाळी गुणवंताजी विहिरीच्या पायऱ्या उतरले आणि पाण्याच्या वर फोन धरून बसले. कपारीतून पाणी ठिबकलं, पारवे घुमले, पंखांची फडफड वरपर्यंत गेली. पांढुर्ण्यात सुभद्राच्या लेकानं, हेमराजनं, ते फीड आईच्या फोनवर लावून दिलं होतं.

दुपारी सुभद्राआत्यांचा फोन आला. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. "दादा, पारवे अजून तिथंच राह्यतात का रे?"

"हो ना. पिल्लं हायेत."

"ऐकता ऐकता डोळा लागला, अन् मी पायऱ्या उतरून राहिली होती. गुडघे दुखलेच नाही रे."

गुणवंताजींनी फोन श्रुतीच्या हाती दिला.

मग हे रोजचंच झालं. इकडं गावांच्या फाइली चटचट होऊ लागल्या, आणि हात मोकळे झाल्यावर श्रुतीही मामाजींबरोबर विहिरीवर जाऊ लागली. एकदा आत्या तिला म्हणाल्या, "माह्या इकडून बी काही जाऊ दे ना दादाकडे. इथं विहीर नाही, पन गच्ची हाय."

श्रुतीनं लगेच दुसरं फीड केलं.

दुसऱ्या दिवशी गुणवंताजी फोन छातीवर ठेवून झाडाखाली आडवे झाले. आधी गच्चीवरच्या चिमण्या आल्या, मग आत्यांच्या बांगड्या, मग दुरून आगगाडी. ती वाढत वाढत बागेत शिरली, झाडांच्या रांगांमधून डबा डबा करत सरकू लागली. पांढरी फुलं त्यांच्या सदऱ्यावर गळत होती. श्रुती जेवायला बोलवायला आली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि हात हलत होता, खिडकीतल्या कोणाला तरी टाटा केल्यासारखा.

तिनं हाक मारली नाही. गाडी लांबलचक होती. ती पूर्ण जाईपर्यंत श्रुती उभी राहिली.